मान वळणारं रॅचेट

लोक उन्हाळ्यात कुरडया घालतात, मी गाडी उघडते. कॉलेजला सुट्ट्या लागल्या, की ऊन अंगणात उतरायच्या आत बॉनेट वर करायचं आणि वर्षभर पुढं ढकललेली कामं एकेक करून हातावेगळी करायची, ही माझी जुनी सवय. यंदा वैशाख लागला आणि माझं रॅचेट दगा द्यायला लागलं. आतले दाते झिजले असावेत. जोर लावला की निसटतं, आणि निसटलं की बोटांची सालटी निघतात. इथल्या अमरावतीतल्या दुकानदारानं दोन कंपन्यांची दोन नवी रॅचेटं कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, “घरी नेऊन पाहा मॅडम, जे हाताले बसन ते ठेवा.”

ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. रॅचेट म्हणजे गोटीला, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या पोकळ तुकड्याला, लावायचा दांडा. एका दिशेनं ओढला की बोल्ट फिरतो. उलट आणला की बोल्ट जागच्या जागी राहतो आणि दांडा आतल्या दात्यांवरून वाजत मागं येतो. एका दिशेला बळ, दुसऱ्या दिशेला नुसता आवाज. मान वळणाऱ्या रॅचेटच्या मुंडक्याखाली बिजागरी असते. जिथं हात सरळ जात नाही, डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपडावं लागतं, अशा सांदीत ते मान वाकवून शिरतं.

दोन्ही रॅचेटं जेवणाच्या टेबलावर ठेवली. एक जड, जाड दात्यांचं, पंजाबातल्या कारखान्यातलं. दुसरं तैवानचं, पातळ मुंडक्याचं, दाते इतके बारीक की फिरवलं तर रेशमी कापड फाटल्यासारखं कुजबुजतं. आधी जड हातात घेतलं आणि सहज उलटं फिरवलं. कट, कट, कट. माझी नजर वर पंख्याकडं गेली. पंखा फिरत होता. बरं वाटलं.

आवाज ऐकून पंखा का पाहिला, हे कळायला माझ्याबरोबर अकोल्यात यावं लागेल. फार वर्षं झाली नाहीत.

तेव्हा मी अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. नवरा परतवाड्याला बँकेत. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. मधले दिवस घर माझं एकटीचं. शेजारच्या घरात वकीलकाका आणि सुमनकाकू राहायचे. मधे एक बोळ, आणि बोळाच्या त्यांच्या अंगाला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये काकांची जुनी चारचाकी. काका दिवाणी कोर्टात वकिली करत. काळा कोट उतरवला की तेलकट बनियनवर शेडमध्ये. गाडी चालवण्यापेक्षा ती खोलण्यात त्यांना जास्त गोडी होती. माझी सेकंडहँड गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी बोळातून हाक मारली होती. ते आले, बॉनेट उघडलं, आणि स्वतः हात न घालता पाना माझ्या हातात दिला.

“मी नाई करनार,” ते म्हणाले. “तूच कर. मी सांगतो. पुढच्या बारीला मी असन नसन.”

अशी मी शिकले. तेल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड. काकांकडं त्या जड, पंजाबी जातीचं एक मान वळणारं रॅचेट होतं. त्यातला एक दाता तुटलेला. त्यामुळं त्याचा आवाज इतरांसारखा सलग नव्हता: कट, कट, कट, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा कट, कट. बोळातून तो आवाज आला की काका घरी आहेत हे कळायचं. काकूंना तर स्वयंपाकघरातून त्यावरून काम कुठवर आलं तेही कळे. “आता चाय टाकतो, बोल्ट निंगला त्याईचा,” असं त्या म्हणायच्या, आणि खरंच पाच मिनिटांत काका हात पुसत आत यायचे.

माघात काका गेले. सकाळची वेळ. गाडीचा स्टार्टर काढायला घेतला होता. खालचा बोल्ट निघाला, वरचा गंजून धरून बसला होता. त्या बोल्टशी त्यांची सगळी थंडी झटापट चालली होती. जाड मुंडकं तिथवर पोचत नव्हतं, तेल सोडून सोडून थकले होते. त्या सकाळी बॉनेट उघडं टाकून ते खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले. काकूंनी चहा आणला तेव्हा मान एका बाजूला कललेली होती.

बॉनेट मीच खाली केलं. शेडला कुलूपही मीच लावलं. जास्तीची किल्ली काकांनी पूर्वीच माझ्याकडं देऊन ठेवली होती, ती तशीच राहिली.

चैत्र संपता संपता काकू बोळात आल्या. हातात पिशवी. “मी पल्लवीकडे जाऊन रायली, अमरावतीले,” त्या म्हणाल्या. “उन्हाळाभर तिकडंच रायतो. तू काई येत जाऊ नको घराकडं. झाडायले पानी पन नको टाकू, गुलाब सारे वाळलेच हाये.” पल्लवी म्हणजे त्यांची लेक. मला बरंच वाटलं. काका गेल्यापासून काकू बोलता बोलता मधेच थांबायच्या आणि मान तिरकी करून कुठंतरी कान द्यायच्या. समोरच्याला आपण नको तिथं बसलोय असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं.

आणि वैशाख सुरू झाला.

ज्यानं अकोल्याचा वैशाख पाहिला नाही त्याला दुपारची भीती काय असते ते कळणार नाही. अकरा वाजता रस्ते रिकामे होतात. कुत्री नाल्यांच्या पुलाखाली जातात. ऊन पिवळं नसतं, पांढरं असतं. भिंतींचे रंग उडाल्यासारखे दिसतात आणि सावल्या पायाखाली गोळा होतात. बायका ओढणीनं डोकं-तोंड असं बांधतात की फक्त डोळे उरतात. ओळखीची बाई समोरून गेली तरी कळत नाही. बाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवतो. आणि घराघरांतून एकच आवाज: कूलर. सगळ्या गल्लीचे कूलर मिळून एक घोंघावणारी भिंत उभी करतात आणि त्या भिंतीच्या आत आपण झोपतो.

त्या वर्षी आमच्या भागातली विजेची डीपी सारखी जळत होती. भर दुपारी लाईन जायची. लाईन गेली की कूलर एकदम थांबत नाहीत, त्यांची पाती जडावत जडावत थांबतात. एकेका घराचा श्वास बंद पडत गेल्यासारखा. मग जी शांतता पडायची तिला वजन होतं. वाळ्यातून टपकणारं पाणी ऐकू यायचं. कडुनिंबाचं पान पत्र्यावर पडलं तर ते ऐकू यायचं.

अशाच एका दुपारी मी पलंगावर डोळे मिटून पडले होते. शेवटचा कूलर थांबला. आणि बोळातून आवाज आला. कट, कट, कट. रिकामी जागा. कट, कट.

उठले नाही. आवाज घाईचा नव्हता. चार-दोन फेरे, मग थांबणं, मग पुन्हा. काम करणारा माणूस मधे हात बदलतो, कपाळ पुसतो, तसं. मग लाईन आली, कूलर घरघरले आणि आवाज त्यांच्याखाली बुडाला.

मी अकरावीच्या वर्गाला उष्णतेनं धातू प्रसरण पावतो हे शिकवते. स्वतःला तेच सांगितलं: पत्रे तापले, खिळ्यांवर ओढले गेले, वाजले. दुसऱ्या दिवशी लाईन गेली तेव्हा कान देऊन ऐकलं. पत्र्याचे आवाज होतेच, मोठे, अनियमित, टण्ण करून येणारे. पण त्यांच्या आड, खाली, तो दुसरा आवाज होता. तुटक्या दात्याची ती रिकामी जागा दर वेळी त्याच ठिकाणी. पत्र्याला एवढी शिस्त असते का, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. काकूंच्या कुंपणावर पाखरांसाठी मातीचं पसरट भांडं होतं. त्या उन्हात असं भांडं दुपारपर्यंत कोरडं पडतं. मी त्यात पाणी घालत नव्हते, तरी सकाळी पाहावं तर ते भरलेलं. एकदा उजाडताना त्या बंद घराच्या बाजूनं हिंगाच्या फोडणीचा वास आला. मी दारात जाऊन उभी राहिले. दाराला कुलूप. कुलुपावर धुळीचा थर. वास मात्र ताजा, तेल तडतडत असतानाचा.

शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू एकटी राहून राहिली ना, म्हणून. काकूंना फोन कर, बरं वाटेल.”

सोमवारी फोन केला. काकूंनी लगेच उचलला.

“कशा आहात काकू? पल्लवीकडं बरं वाटतंय ना?”

“बरी हाये. इथं गरमी लय हाये. तू जेवली का?”

बोलत असतानाच आमच्या गल्लीत भंगारवाल्याची गाडी शिरली. तिच्या भोंग्यावर रेकॉर्ड केलेली आरोळी: जुना टीव्ही, फ्रिज, कूलर, बॅटरी. एका कानाला ती खिडकीतून ऐकू येत होती. दुसऱ्या कानाला फोनमधून. तीच आरोळी, तोच चिरका भोंगा, एका शब्दाचाही फरक नाही. मी बोलायची थांबले. काकूही थांबल्या. दोघी आरोळी दूर जाईपर्यंत गप्प होतो. ती दोन्ही कानांतून बरोबरच दूर गेली.

“ठेवतो मंग,” काकू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी मनाला समजावलं, की अमरावतीतही भंगारवाले असतात आणि भोंगे सगळ्यांचे सारखेच. पल्लवीला फोन करावा असं वाटलं, पण काय विचारणार? तुमची आई तुमच्याकडंच आहे ना, असं?

त्याच आठवड्यात माझ्या गाडीचा स्टार्टर नुसता टिकटिक करायला लागला. किल्ली फिरवावी तर कधी लागायची, कधी नाही. योगायोग म्हणजे माझ्याही गाडीचा वरचा बोल्ट तसल्याच अडचणीच्या सांदीत. मान वळणारं रॅचेट घेतल्याशिवाय इलाज नव्हता. सकाळी दुकानं उघडताच रफिकभाईंकडं गेले. स्पेअर पार्टच्या बाजारातलं त्यांचं दुकान बोगद्यासारखं लांब आणि अंधारं होतं. काका मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले होते.

रफिकभाईंनी काउंटरवर दोन रॅचेटं ठेवली.

“ये देखो मॅडम. हे पंजाबचं. मजबूत हाये, जिंदगीभर चालते. पन मुंडकं जाड. अन् हे तैवानचं. दाते बारीक, मुंडकं पातळ. जागा कमी असन तं हेच घुसते.”

मी दोन्हींच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या. “पुढं ढिली झाली तर?”

“तैवानवाल्याले हा स्क्रू हाये, कसून घ्याचा. पंजाबवाल्याले पिन ठोकेल हाये. ते ढिलं झालं का मान टाकते, वर धरूनच ठेवा लागते.”

“पण रोज गॅरेज चालवायचं नाही मला. घरचंच काम. एवढं बारीक दात्याचं घेऊन टिकेल का? बारीक दाते लवकर झिजतात म्हणतात.”

“जोराची पहिली ओढ साध्या दांड्यानं घ्याची. बोल्ट हलला का मंग हे लावाचं. मंग नाई झिजत.” त्यांनी पातळ रॅचेट उचलून दिव्याखाली धरलं. “खरं सांगू का, हे तं मी वकीलसाहेबासाठी मागवलं होतं. थंडीत सांगून गेल्ते, असं असं वरच्या बोल्टसाठी पायजे. न्यायले आलेच नाई. तुमी त्याईच्या बाजूलेच रायता ना? देऊन द्याल का त्याईले?”

मी हातातलं पंजाबचं रॅचेट काउंटरवर ठेवलं.

“रफिकभाई, काका गेले. माघातच.”

खालून एक स्वच्छ फडकं काढून त्यांनी ते रॅचेट मुंडक्यापासून टोकापर्यंत पुसलं, मग उलटं करून पुन्हा पुसलं. “मंग तुमीच वापरा,” म्हणाले.

निवड अशी झाली. बारीक दात्यांसाठी नाही, पातळ मुंडक्यासाठीही नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. तेच हवं होतं मला. पण रस्त्यावर आल्यावर पिशवीतली ती वस्तू माझी वाटत नव्हती. कुणाचं तरी पार्सल घेऊन चालल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन त्याच सकाळी काम केलं. ओढणी बांधली, गाडीखाली पोतं अंथरलं, खालचा बोल्ट काढला, मग वरच्या सांदीत हात घातला. रॅचेटनं मान वाकवली आणि जिथं मला काहीच दिसत नव्हतं तिथं गोटी आपोआप बोल्टवर बसली. बारीक दाते कुजबुजत राहिले. स्टार्टर काढला, बाजारातून त्याचे कार्बन बदलून आणले, परत बसवला. किल्ली लावली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली. मी पलंगावर होते. कूलर एकेक करून थांबले. मी वाट पाहिली.

काही आलं नाही.

एवढे दिवस त्या आवाजानं माझी झोप उडवली होती, आणि आता तो नव्हता तर मला पडून राहवेना. पत्रे वाजले. कडुनिंबाचं पान पडलं. बाकी काही नाही. ती शांतता कुणीतरी मुद्दाम धरून ठेवल्यासारखी होती. मी उठून बसले. मग किल्ली शोधली. बोळात पाय ठेवला तेव्हा चपलेतून चटका लागला. शेडच्या कुलुपाला हात लावला तर ते तव्यासारखं तापलेलं.

दार ओढलं. आतली हवा अंगावर आली, भट्टीचं झाकण काढावं तशी. डोळ्यांपुढं आधी काहीच नाही. मग गाडीचा आकार. मग गाडीशेजारी काकांची खुर्ची, आणि खुर्चीवर कोणीतरी बसलेलं, मान एका बाजूला कललेली.

किंचाळले नाही, एवढंच आठवतं. मग पातळाची किनार ओळखू आली. काकू होत्या.

अंगाला हात लावला तर तापलेलं, पण कोरडं. घामाचा टिपूस नाही. ओठ हलत होते. “आज कावून...” एवढंच पुन्हा पुन्हा; आज का, पण काय ते कळेना. शेडमधून स्वयंपाकघरात जाणारं आतलं दार उघडं होतं. मी आतून घागर आणली आणि अख्खी त्यांच्या अंगावर ओतली. ओल्या टॉवेलात गुंडाळलं. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की मी एकटीनं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. किल्ली फिरवली. गाडी लागली. कालपर्यंत नुसती टिकटिकत होती ती गाडी. रिकाम्या पांढऱ्या रस्त्यांवरून दवाखान्यापर्यंत वाटेत एक माणूस दिसला नाही.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पल्लवी अमरावतीहून पोचली. रडून डोळे लाल. “नंदाताई, मले ती म्हणाली होती का एवढ्या उन्हात प्रवास नको, मी अकोल्यातच राहते, नंदा आहे शेजारी. रोज फोनवर बोलत होती माझ्याशी.”

म्हणजे काकू कुठंच गेल्या नव्हत्या. समोरून कुलूप लावून मागच्या दारानं आत शिरल्या होत्या, आणि लेकीला एक, मला दुसरं सांगून त्या घरात महिनाभर राहिल्या होत्या.

मला एकदम हलकं वाटलं. फोडणी, पाखरांचं पाणी, भोंगा, सगळं जुळलं. आणि रॅचेटही. एकटी बाई, नवऱ्याचं हत्यार हातात घेऊन दुपारी शेडमध्ये बसायची आणि फिरवत राहायची. यात भिण्यासारखं काय होतं? माझेच डोळे भरून आले.

दोन दिवसांनी काकू उठून बसल्या तेव्हा मी पलंगाशेजारी होते. त्यांचा हात हातात घेऊन हळूच म्हटलं, “काकू, आठवण आली तर मला बोलवायचं होतं. एकट्या बसून ते रॅचेट फिरवत बसलात.”

काकूंनी माझ्याकडं नवलानं पाहिलं.

“मी कायले फिरवू? मी तं ऐकाले बसत होती.”

“काय ऐकायला?”

“तुले नाई आलं का ऐकू? लाईन गेली का चालू होये. तुमी सारे येता, बोलत बसता, तं काई समजत नाई. म्हनून मी कुलूप लावलं.” त्यांनी उशीला पाठ टेकली. “त्या दिवशी आवाज आलाच नाई. मी म्हटलं आता येईन, मंग येईन. बसूनच रायली.”

मी त्यांचा हात हळूच चादरीवर ठेवला.

“तुले बोलवाचं असन,” काकू म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. “म्हनून नसन वाजवलं त्याईनं.”

बाहेर व्हरांड्यात पल्लवी भेटली. मी तिला विचारलं, काकांची हत्यारं शेडमध्ये कुठं ठेवली आहेत, म्हणजे काकूंच्या हाती लागणार नाहीत अशी उचलून ठेवता येतील. ती म्हणाली, “हत्यारं? ती पेटी तर आमच्याकडे आहे, अमरावतीले. बाबांची तेरवी झाली तेव्हाच नेली. त्यांचं ते तुटक्या दात्याचं रॅचेटसुद्धा त्यातच आहे.”

मी भौतिकशास्त्र शिकवते. एका माणसाला झालेला भास दुसऱ्यालाही होऊ शकतो, हे मला माहीत आहे. ओळखीचा आवाज मेंदू नको तिथं जुळवतो, हेही. भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका, दोघींच्या कानांत एकच माणूस; पत्र्यांच्या आवाजातून दोघींनी त्याला विणला असेल. असं मी तेव्हा ठरवलं आणि अजूनही दिवसा तेच मानते. पण दोघींना तो एकाच दिवशी का ऐकू आला नाही, याचं उत्तर त्या विणकामात बसत नाही.

काकू लेकीबरोबर अमरावतीला गेल्या. गाडी विकायची ठरली, आणि विकायच्या आधी ती निदान सुरू व्हावी म्हणून पल्लवीनं मला स्टार्टरचं काम पुरं करायला सांगितलं. मी सकाळी शेड उघडली. दोन्ही दारं सताड ठेवली. नवं रॅचेट, साधा दांडा, गोटी, तेलाचा डबा, सगळी तयारी घेऊन वरच्या बोल्टपर्यंत हात नेला. आधी बोटांनी जागा चाचपली. बोटांखाली बोल्ट फिरला. काकांनी अख्खी थंडी ज्याच्याशी झुंज दिली तो बोल्ट माझ्या दोन बोटांत, बाटलीच्या झाकणासारखा, फिरत फिरत बाहेर आला. रॅचेट लावावंच लागलं नाही.

कारण सांगता येतं. माघात सोडलेलं तेल चार महिने गंजात मुरलं, वर शेडमधली ती भट्टीसारखी उष्णता. लोखंड पसरलं, आकसलं, पकड सुटली. विद्यार्थ्यांना सांगायला हे उत्तम उदाहरण आहे. मी ते कधी सांगितलेलं नाही.

नंतर माझीही अमरावतीला बदली झाली. पल्लवीचा फ्लॅट माझ्या घरापासून लांब नाही, पण जाणं होतंच असं नाही. आणि यंदा हे जुनं रॅचेट झिजलं. टेबलावरच्या दोन नव्यांतून मी पुन्हा पातळ, कुजबुजणारंच ठेवलं. जड रॅचेट जास्त टिकलं असतं, स्वस्तही पडलं असतं. पण वैशाखात तो आवाज माझ्या हातून निघायला नको. दुसरं दुकानदाराला परत केलं आणि तिथून, का कोण जाणे, तशीच काकूंकडं गेले.

पल्लवी ऑफिसात होती. काकूंनी दार उघडलं. वाळल्या आहेत, पण चेहरा टवटवीत. पन्हं दिलं. आंब्याची, पल्लवीच्या मुलांची, चिखलदऱ्याला जाऊन आल्याची बोलणी झाली. त्या दिवसांबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. निघायला उठण्याआधी मात्र माझ्या तोंडून गेलं.

“काकू, इथं कधी काही ऐकू येतं का?”

“इथं लाईन जातच नाई,” काकू म्हणाल्या. “गेली तं इन्व्हर्टर लागते. पंखा थांबतच नाई कधी.” मग त्यांनी हळूच माझ्याकडं पाहिलं. “म्हनून मीच बंद करतो. दुपारी घरी कोनी नसते तवा. थोडाच वेळ.”

मी काही म्हणायच्या आत त्या उठल्या. दाराशेजारी विजेच्या खटक्यांची लहानशी पेटी होती, तिचं झाकण उघडून त्यांनी सगळे खटके, इन्व्हर्टरचासुद्धा, खाली ओढले. पंखा जडावत जडावत थांबला. फ्रिजची गुणगुण गेली. कूलरच्या टाकीत दोन थेंब पडले. बाहेर पांढरं ऊन, खाली रस्त्यावर कुणी नाही.

काकू दिवाणावर येऊन माझ्याशेजारी बसल्या. मी कान लावून ऐकलं. अगदी प्रामाणिकपणे ऐकलं. मला काहीही ऐकू आलं नाही. माझा स्वतःचा श्वास सोडला तर त्या घरात काहीच नव्हतं.

काकूंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू एक ओळखीचं हसू उमटलं. पाहुण्याला नव्हे, घरच्याच माणसाला पाहून येतं तसं. त्या दिवाणावर थोड्या सरकल्या, मलाही कोपरानं सरकवलं आणि आम्हा दोघींच्या मधे जागा केली. काकू मला कायम ‘तू’ म्हणत आल्या आहेत. आणि मी तर बसलेलीच होते.

“उभे कावून रायले?” त्या म्हणाल्या. “बसा.”